धाकटीचं बिस्कीट

आमच्या घरात काहीही करपलं की त्याला ‘धाकटीचं बिस्कीट’ म्हणतात. पोळी करपली, धाकटीचं बिस्कीट. इस्त्रीखाली सदऱ्याची कॉलर पिवळी पडली, धाकटीचं बिस्कीट. एकदा माझा मुलगा भर मे महिन्यात दुपारच्या उन्हात मोटारसायकलनं वर्ध्याला जाऊन हिंगणघाटला परत आला, दारात उभा राहिला आणि स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवून म्हणाला, “आई, पाह्य, धाकटीचं बिस्कीट.” नातवंडांना तर ही धाकटी कोण हेही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं मराठीत असा शब्दच आहे, शाळेच्या पुस्तकात अजून आला नाही इतकंच.

धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. बिस्किटं करपली तिच्या हातून, पण करपवली मी. हे पन्नास वर्षं माझ्याशिवाय कोणालाही माहीत नव्हतं. गेल्या जानेवारीत मी ते तिला सांगितलं, आणि पुढे जे झालं तेच इथे लिहिते आहे. पण त्याआधी ज्या बाईनं हा उद्योग केला तिची ओळख करून द्यायला हवी. म्हणजे माझीच.

तिला ‘मी’ म्हणायला माझी जीभ वळत नाही. मी तिला शहाणी म्हणते. वय तेवीस, मॅट्रिक पास. घरात असं वावरायची, जणू हिंगणघाटात मॅट्रिक ही परीक्षा हिच्यासाठीच काढली होती. गिरणीवर दळण टाकायला जाताना काखेत एखादं जुनं मासिक घ्यायची. वाचायला नव्हे, लोकांनी पाहावं म्हणून. गिरणीवाल्यानं एकदा विचारलं, “वहिनी, हे रद्दीत द्याचं हाय का?” तेव्हापासून गिरणी बदलली.

शहाणीचं माहेर सिंदी रेल्वेचं. घरामागे रेल्वेची क्वार्टरं होती आणि त्यातल्या एकात जबलपूरकडची एक बाई राहायची. तिचा नवरा कोळशाच्या इंजिनावर होता. आम्ही पोरी तिला चाची म्हणायचो. तिच्या सासूनं कधीकाळी जबलपूरला कुण्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात स्वयंपाक केला होता. तिथून एक बिस्कीट सासूच्या हातात आलं, सासूच्या हातातून चाचीच्या, आणि चाचीच्या ओट्यावर सकाळ-संध्याकाळ ठाण मांडून शहाणीनं ते आपल्या हातात घेतलं.

लोण्याचं बिस्कीट. दोन चकत्या एकीवर एक. खालची सबंध, वरचीला मधोमध भोक. मध्ये पिठीसाखरेत घोटलेलं पांढरं लोणी, आणि त्यात संत्र्याच्या सालीचा कीस. वरच्या भोकातून ते केशरी ठिपक्यांचं लोणी डोकावायचं. आमच्या घरी त्याला जोडबिस्कीट नाव पडलं.

ओव्हन तेव्हा कुठला असणार? चाचीची भट्टी म्हणजे जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, एक मोठा गंज. आमच्याकडे खोल पातेल्याला गंज म्हणतात. त्याच्या तळाशी चार बोटं रेती, रेतीवर लोखंडी कडं, कड्यावर बिस्किटांची थाळी, वर घट्ट झाकण आणि झाकणावर निखारे. आधी गंज शिगडीवर ठेवून रेती चांगली तापवायची. मग थाळी आत ठेवायची, झाकण लावायचं, आणि इथे चाची दर वेळी बोट वर करून म्हणायची, “अब नीचे की आग निकाल दो, बेटी. अब रेती पकाएगी.”

खालचा जाळ, आमच्याकडचा इस्तो, काढून टाकायचा. वर निखारे, खाली नुसती तापलेली रेती. लोण्याचं बिस्कीट जाळ सोसत नाही. खाली शिगडी पेटती राहिली की दहा मिनिटांत तळ काळा, वरचं पीठ कच्चं आणि लोणी वितळून थाळीभर. सगळी किमया त्या एका वाक्यात होती. बाकीचं कोणालाही जमेल असं.

लग्न होऊन शहाणी हिंगणघाटला आली, माहेरून तसाच एक गंज घेऊन. सासरचं कापडाचं दुकान, वर राहतं घर. दुकानातल्या शिंप्याचं अंगुस्तान तिनं बिस्किटाला भोक पाडायला मागून आणलं, ते त्याला परत कधी मिळालं नाही. पाहुणे आले की जोडबिस्कीट, दिवाळीला जोडबिस्कीट. गल्लीतल्या बायका विचारायच्या, “कसं करता व?” शहाणी पदर सावरत म्हणायची, “ते रेल्वेतलं हाय.” जणू त्याला तिकीट लागत होतं.

तीन वर्षं तिचं राज्य चाललं. मग धाकटी आली.

धाकटी पुलगावकडची, शेतकऱ्याची लेक, सातवीपर्यंत शिकलेली. बोलायला मऊ. पहिल्याच होळीला तिनं पुरणपोळी केली, आणि ती पोळी अशी पातळ, की पलीकडचा कंदील दिसावा. सासूबाईंनी एक घास खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “या पोरीच्या हाताले देवानं चव देल्ली.” सासूबाई देवाचं नाव उगाच घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. शहाणीच्या पोळीला त्या ‘पोट भरते’ असं म्हणत.

त्या वर्षी भाऊबीजेच्या चार दिवस आधी धाकटी शहाणीजवळ आली. तिचा भाऊ लग्नानंतर पहिल्यांदाच बहिणीच्या घरी येणार होता.

“बाई,” ती मला बाई म्हणते, “माहा भाऊ येऊन राह्यला. त्याच्यासाठी मले तुमचे जोडबिस्कीट कराचे हायत. मले सांगा नं कसे करता ते.”

शहाणीनं सांगितलं. अगदी मन लावून सांगितलं. लोणी तीन पाण्यांतून धुवायचं, हातानं दाबून पाणी काढायचं. फेसताना हात एकाच बाजूनं फिरवायचा. पीठ मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. रेती किती, कडं केवढं, निखारे किती. धाकटीचा विश्वास बसावा म्हणून पदरचीही दोनचार वाक्यं घातली: डाव्या हातानं साखर टाकू नये, भोक पाडताना बोलू नये. धाकटी मान डोलवत ऐकत होती. आणि खालचा जाळ काढायचं वाक्य आलं, तेव्हा शहाणी खोकली आणि पुढच्या वाक्यावर गेली.

मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे, की विसरले होते का. नाही. ती खोटी खोकली होती. मला तो खोकला आजही ऐकू येतो.

भाऊबीजेला सकाळी धाकटीनं मला स्वयंपाकघराच्या बाहेर बसवलं. “तुमी आज काई करू नका, बाई. मी करतो.” थोड्या वेळानं धूर आला. मग वास आला. मग धाकटीनं झाकण उचललं, आणि आत जे होतं त्याला बिस्कीट म्हणण्यासाठी भावाचंच काळीज हवं. खालून निरा कोळसा, वरून ओलं पीठ. भाऊ ओसरीवर बसलेला. त्यानं चार खाल्ली, दात काळे झाले, तरी बहिणीला म्हणाला, “बाई, मस्त खुसखुशीत झाले.” घर हसून लोळलं. धाकटी मागच्या अंगणात जाऊन थाळी घासत बसली. एक थाळी, राखेनं, तासभर.

पुढच्या आठवड्यात माझीच एक पोळी तव्यावर करपली. सासूबाईंचं तोंड उघडायच्या आत शहाणी म्हणाली, “हे पाहा, धाकटीचं बिस्कीट!” सगळे हसले. धाकटीही हसली. ती हसली म्हणजे तिला काही वाटलं नाही, असं शहाणीनं ठरवून टाकलं. ते सोयीचं होतं.

तर असं. नावही मीच ठेवलं होतं.

नंतर आमचे धनी, दोघे भाऊ, वेगळे झाले. दुकान आमच्याकडे राहिलं, पवनारची शेती धाकटीकडे गेली. भांडण नाही, तंटा नाही. ती तिकडून भाजी पाठवायची, मी इकडून पोरांना कापड. लग्नं, बाळंतपणं, आजारपणं, सगळ्यांत आम्ही दोघी बरोबर. दोघींचेही धनी आता भिंतीवरच्या फोटोत आहेत. तिथून ते बोलत नाहीत, आणि खरं सांगायचं तर खाली होते तेव्हाही फारसे बोलत नसत. त्यामुळे आता मला जुनं बोलायला या जगात एकच माणूस उरलं आहे, ते म्हणजे धाकटी.

जानेवारीत तिचा मुलगा आणि सून गावाला गेले, म्हणून ती पंधरा दिवस माझ्याकडे आली. बसमधून उतरली ती पोतं घेऊनच. वांगी, मेथी, तुरीच्या ओल्या शेंगा आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. मी म्हटलं, “माणूस पाहुणं येते का बाजार मांडाले?”

“तुमच्या हिंगणघाटचा सांभार खाल्ला मी मांगं,” ती म्हणाली. “त्याले वासच नाई.”

माझी नात सातवीत आहे. दिवाळीला तिच्या बापानं तिला विजेचा ओव्हन आणून दिला. त्यात ती पिझ्झा नावाची एक भाकरी करते. धाकटी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी नात मोबाईल नाचवत आली. “आजी, हे बघ, बटर सँडविच बिस्कीट! हे तर तुझंच जोडबिस्कीट आहे. मी करते, तू फक्त बस.”

मी बसले. तिनं सगळं बरोबर केलं, फक्त दीडशेच्या जागी अडीचशेवर काटा फिरवला. थोड्या वेळानं धूर आला. तिनं ओव्हन उघडला, नाक दाबलं आणि आनंदानं ओरडली, “आजी! सगळं धाकटीचं बिस्कीट झालं!”

धाकटी माझ्या शेजारी मेथी निवडत होती.

“आजी, पण ही धाकटी कोण होती गं?” नातीनं विचारलं. इतकी वर्षं तिला हा प्रश्न पडला नव्हता, नेमका तेव्हाच पडला.

धाकटीनं मेथीची काडी धरलेला हात वर केला, शाळेत हजेरी द्यावी तसा. “मीच व ती.”

नात गोरीमोरी झाली. “सॉरी पवनारवाली आजी, मला माहीत नव्हतं.”

“सॉरी कायले, पोट्टे? खरंच हाय ते.” धाकटी हसली, नेहमीसारखी. “माह्या हाताले भट्टीचं जमतच नाई. मी सुनेच्या ओव्हनलेबी हात लावत नाई. आमच्या बचत गटानं पवनारले बिस्किटाची भट्टी लावली, त्या बाया मले बोलवाले आल्त्या. म्हणे काकू, तुमच्या हाताले चव हाय, तुमी पाहिजे. मी म्हटलं, ना बाप्पा. दुसरं काईबी सांगा. सगळ्या गटाचं नाव खराब कराचं का?”

आणि ती पुन्हा मेथी निवडायला लागली.

मी तिच्या हातांकडे पाहिलं. सासूबाईंनी ज्यांना देवाची चव म्हटलं होतं ते हात. पन्नास वर्षं एका खोट्या खोकल्याला घाबरून बसले होते. मला वाटत होतं, मी एक सकाळ खराब केली. आता कळलं, की ती सकाळ अजून संपलीच नव्हती.

सांगायचं ठरवलं. ठरवणं सोपं असतं. दुपारी गच्चीवर उन्हात दोघी तुरीच्या शेंगा सोलत बसलो. मी म्हटलं, “धाकटे, तुले एक सांगाचं होतं.”

“सांगा.”

“या शेंगाईत किडे लय हायत.”

“माह्या शेतातल्या शेंगाईत?” ती फणकारली. “दाखवा बरं एक.” मग मला दहा मिनिटं खोटा किडा शोधावा लागला.

दुसऱ्या सकाळी चहाच्या वेळी पुन्हा तोंड उघडलं, आणि तिच्या चष्म्याची तारीफ करून मिटलं. ती संशयानं पाहायला लागली. “बाई, तुमची तब्येत बरी हाय नं? काल किडे, आज चष्मा.”

तिसऱ्यांदा, त्याच दुपारी, गच्चीवर, मी डोळे शेंगांवर ठेवले आणि बोलून टाकलं.

“धाकटे, ते भाऊबीजेचे बिस्कीट तुह्या हातानं नाई करपले.”

“मंग कोणाच्या?”

“माह्या तोंडानं.”

आणि सगळं सांगितलं. चाची, तिचं वाक्य, माझा खोकला. ती ऐकत होती. तिच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली तशीच राहिली.

“म्हंजे खाली इस्तो ठेवाचा नव्हता?”

“नाई. थाळी आत ठेवली का काढून टाकाचा.”

“अन् तुमाले मालूम होतं.”

“हो.”

“काऊन नाई सांगतलं?”

मी पन्नास वर्षांत याचं उत्तर पुष्कळ सुंदर शब्दांत तयार केलं होतं. तोंडातून निघालं ते असं: “तुही पुरणपोळी पातळ होती.”

“एवढ्यासाठी?”

“तवा ते एवढंसं नव्हतं.”

मला वाटलं ती आता हसेल. खरं सांगते, त्या हसण्याच्या भरवशावरच मी बोलले होते. ती हसली नाही. म्हणाली, “त्या बिस्किटांसाठी मी आठ दिवस लोणी जमवलं होतं. सासूबाईले मालूम पडू न देता, रोज सुपारीएवढं.” मग म्हणाली, “आन् तुमी त नंतर नावबी ठेवलं.”

तिनं आपलं सूप उचललं, गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसली, माझ्याकडे पाठ करून. उरलेल्या शेंगा तिनं तिकडेच सोलल्या.

पुढचा दीड दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मी बरी आहे. तिनं स्वयंपाक केला, सगळ्यांना वाढलं, माझ्या ताटात भाकरी आणि चून, म्हणजे पिठलं, मात्र नातीच्या हातून यायचं. “पोट्टे, तुह्या आजीले विचार, चून पाहिजे का?” मी समोरच बसलेली. नात या टोकाहून त्या टोकाला निरोप नेत होती आणि तिला यातली भारी मजा वाटत होती. काय झालं ते मी तिला सांगून टाकलं होतं. म्हटलं, घरात एकीला सांगितलंच आहे, तर आता लपवायचं कशाला? नात डोळे मोठे करून म्हणाली, “आजी, तू तर व्हिलन निघालीस!” आणि खुशीत शाळेत गेली. संध्याकाळपर्यंत मुलाला, सुनेला आणि सुनेच्या माहेराला कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटी स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. पदर खोचलेला.

“तो गंज कुठी हाय?”

“कोणता?”

“तोच.”

“धाकटे, आता ओव्हन हाय नं घरात. बटन दाबलं का...”

“मले बटन नाई दाबाचं. मले त्याच गंजात कराचे हायत.”

गंज माळ्यावर होता, त्यात जुनी दिव्यांची माळ आणि दोन तुटक्या छत्र्या. काढला. शेजारी बांधकाम चालू आहे, तिथून नातीनं घमेलंभर रेती मागून आणली. धाकटीनं ती चाळली, धुतली, उन्हात पसरली. शिगडी गच्चीवर मांडली. लोणी तिनं स्वतः तीन पाण्यांतून धुतलं. मी हात पुढे केला तर म्हणाली, “तुमी पंखा घाला.” मी पंखा घातला. सत्तरी उलटलेली थोरली जाऊ पाटावर बसून शिगडीला वारा घालते आहे आणि धाकटी हुकूम सोडते आहे, असं दृश्य या घरानं पहिल्यांदाच पाहिलं. “जोरानं घाला, बाई. मासिक वाचून राह्यल्या का?”

मासिकाचं तिला माहीत होतं तर.

तिनं पीठ गोळा केलं, मळलं नाही. लाटलं. पावडरच्या डबीच्या झाकणानं चकत्या पाडल्या. भोक पाडताना तोंड गच्च मिटून घेतलं. मी म्हटलं, “बोल व. ते मी तवा उगाच सांगतलं होतं.” ती चकतीवरून नजर न हलवता म्हणाली, “मालूम नाई, तुमचं कोणतं खरं अन् कोणतं खोटं. आता मी सगळंच पाळतो.”

रेती तापली का ते पाहायला तिनं कागदाचा तुकडा आत टाकला. तो पिवळा झाला, काळा झाला नाही. थाळी ठेवली. झाकण लावलं, चिमट्यानं एकेक निखारा वर रचला. आणि मग ती उभी राहिली आणि माझ्याकडे पाहू लागली. काही करेना.

“काय झालं?” मी विचारलं.

“सांगा नं. पुढचं तुमी सांगाचं.”

मला खोकला आला, आणि या वेळी तो खरा होता. तिनं तोही पूर्ण होऊ दिला.

“खालचा इस्तो काढून टाक,” मी म्हटलं.

तिनं गंज दोन फडक्यांनी उचलला आणि विटांवर ठेवला. शिगडी बाजूला सरकवली. मग आम्ही तिघी वाट पाहत बसलो. नात दर दोन मिनिटांनी “उघडू?” म्हणायची आणि धाकटी तिच्या हातावर चापट मारायची. आधी कच्च्या पिठाचा वास आला. मग दुधाचा. मग खव्याचा. गच्चीवर उन्हात वाळत घातलेल्या कपड्यांना, शेजारच्या बांधकामाच्या सिमेंटला, सगळ्यालाच तो वास लागला. धाकटीनं नाक वर केलं, आणि झाकण काढलं.

फिकट होती. कडा नुसत्या सोनेरी. एकही काळं नाही.

ती थाळी मांडीवर घेऊन बसली, पदरानं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग एक बिस्कीट उलटं करून त्याचा तळ पाहिला. एकेक करून सगळ्यांचे तळ पाहिले. चोवीस.

बिस्किटं गार झाल्यावर आम्ही जोड्या लावल्या. लोण्यात संत्र्याची साल मी किसली, तेवढं मला करू दिलं. तिच्या जोड्या एकसारख्या, भोक बरोबर मधोमध. माझ्या हाताखालून गेलेल्या दोन जोड्या तिरप्या बसल्या, त्या तिनं उघडून पुन्हा लावल्या. मग पहिली जोडी मला दिली.

मी खाल्लं. तोंडात ठेवलं आणि ते चावावं लागलंच नाही. नुसतं विरघळलं, आणि शेवटी संत्र्याचा तो कडवट-गोड वास उरला. आणि मी खरं सांगते, त्या क्षणी शहाणी माझ्या पोटात जागी झाली. पन्नास वर्षांची झोप झालेली, ताजीतवानी. तिनं पहिल्याप्रथम काय शोधलं? खोट. साखर कमी आहे का? जरा जाड आहे का? काही सापडेना.

“कसं झालं?” धाकटीनं विचारलं. तिचे डोळे माझ्या तोंडावर.

शहाणी म्हणत होती, ‘बरं झालं’ म्हण. ‘पहिल्याच वेळेच्या मानानं’ म्हण. मी तिला म्हटलं, तू आता गप बस, माय.

“माह्यापेक्षा चांगलं झालं,” मी म्हटलं.

“ऐकू नाई आलं.”

“माह्यापेक्षा चांगलं.”

“पोट्टे,” ती नातीला म्हणाली, “तुह्या मोबाईलवर हे भरून घेता येते का?” आणि मग ती हसली. तोंडाला पदर न लावता, दात दाखवून. इतक्या वर्षांत मी तिचं ते हसू पाहिलं नव्हतं, आणि नेहमीचं जे पाहत आले होते ते काय होतं, हेही मला तेव्हाच कळलं.

तिनं पुलगावला भावाला फोन लावला. तो आता ऐंशीच्या घरात आहे, कानानं कमी. फोन मोठ्या आवाजावर ठेवून तिनं त्याला सगळं ओरडून सांगितलं. तिकडून मग तो म्हणाला, “कोणते बिस्कीट व, बाई?”

“भाऊबीजेचे! तुहे दात काळे झाल्ते!”

“मले नाई बा आठवत. मले त्या वक्ताचे गुलाबजाम आठवते.”

धाकटीनं फोनकडे पाहिलं. “तुले नाई आठवत,” ती म्हणाली, “मले आठवते. बरं, डबा पाठवतो, खाजो.” आणि फोन ठेवला.

तो विसरला होता. हसलेले बहुतेक सगळे आता वर गेले. ती एकटीच ते रोज घेऊन चालली होती, आणि आम्ही तिच्या तोंडावर ते नाव घेत होतो. नात जरा ओशाळून म्हणाली, “पवनारवाली आजी, मग आता करपलेल्याला काय म्हणायचं?”

“करपलेलं म्हण,” धाकटी म्हणाली. “शब्द हाय तो.”

उरलेल्या दिवसांत तिनं आणखी तीन घाणे केले. एकदा कणकेचे, एकदा ज्वारीचं पीठ मिसळून. एके दिवशी गच्चीवर तिचा आवाज ऐकू आला. बचत गटाच्या बाईशी बोलत होती. “नाई, आधी मी सांगतो तसं कराचं. मंग तुमची ती मोठी भट्टी पाहू.” हा हुकमी आवाज तिला कुठून मिळाला कोण जाणे. माझ्यावर सराव झाला असणार.

जायच्या दिवशी मी आणि नात तिला बस स्टँडवर सोडायला गेलो. येताना पोतं होतं, जाताना गंज. मी दिला नव्हता. तिनं मागितलाही नव्हता. सकाळी पाहिलं तर तिच्या पिशवीशेजारी फडक्यात बांधून ठेवलेला, झाकणासकट. मी म्हटलं, “धाकटे, तो माहेरचा हाय माहा.” ती म्हणाली, “हाव नं, मालूम हाय,” आणि गाठ आणखी घट्ट केली. पुढे बोलायला तोंड होतं कुठे?

बसमध्ये खिडकीजवळ बसून तिनं तो मांडीवर घेतला. कंडक्टरनं वाकून पाहिलं. “आजी, भारी दिसते. काय हाय त्याच्यात?”

“रेती.”

“रेती?” तो थांबलाच. “पवनारले रेती नेऊन राह्यल्या? तथी नदी नाई का?”

“नदी हाय,” धाकटी म्हणाली. “पण ही शिकलेली रेती हाय.”

नात खाली उभी राहून पोट धरून हसत होती. बस सुरू झाली. मी हात हलवला, नातीनं दोन्ही हात हलवले. धाकटीनं आमच्याकडे पाहून नुसती मान हलवली. तिचे दोन्ही हात गंजावर होते.